हीटेड जॅकेटची बॅटरी रिकॉल झाली आहे, आणि ती नाशिकला माळ्यावर आहे

रानजाई (मिनिआपोलिस)

गेल्या मंगळवारी ऑफिसला निघता निघता एक ईमेल दिसला. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या हीटेड व्हेस्टची, म्हणजे बिनबाह्यांच्या गरम जॅकेटची, बॅटरी कंपनीने परत बोलावली आहे. चार्ज होताना ती जास्त तापते, आग लागू शकते, वापर ताबडतोब थांबवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न त्या एका कंपनीपुरता नाही.

ईमेल मला आला, कारण खरेदी माझ्या नावावर होती. व्हेस्ट मात्र सासऱ्यांकडे नाशिकला आहे. बाबा आणि आई त्या वर्षी जानेवारीत इथे आले होते. बाहेर उणे पंचवीस, आणि बाबांना सकाळी फिरल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून ते घेतलं. छातीवरचं बटण दाबलं की लाल दिवा, पुन्हा दाबलं की पांढरा, मग निळा. बाबा इतके खूश की जाताना सोबत घेऊन गेले. नाशिकच्या डिसेंबरातही ते चांगलं उपयोगी पडतं, निफाडकडचा गारठा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

त्याच रात्री व्हिडिओ कॉल केला. आईंनी माळ्यावरून गोधड्यांची बॅग खाली काढवली, त्यात व्हेस्ट आणि खिशात बॅटरी. लेबलवरची अक्षरं इतकी बारीक की बाबांनी पंचांग वाचायचं भिंग आणलं. मॉडेल क्रमांक एकेक आकडा करून वाचला. जुळला. मग मी त्यांना बॅटरी टेबलावर ठेवायला सांगितली, तर ती सपाट बसेना. एका कडेला बोट लावलं की डुलत होती. पोट फुगलं होतं तिचं.

बाबा म्हणाले, "अगं, दिवाळीनंतर रात्रभर चार्जिंगला लावली होती, पण पूर्ण भरलीच नाही, म्हणून ठेवून दिली." त्या रात्री मला झोप लागली नाही.

जाणकारांनी कृपया सांगा: ती फुगलेली बॅटरी आत्ता घरात कशी ठेवायची? परत पाठवायची म्हटलं तर कशी? आणि आणखी एक गोष्ट. आम्ही एक जादा बॅटरीही घेतली होती. ती बाबांनी शेजारच्या मुलाला दिली, तो बाइकवरून लेहला जाणार होता म्हणून. तो आता पुण्यात असतो. त्याला मेसेज केलाय, अजून उत्तर नाही.

सोल्डरगन (भोसरी)

रानजाई, आधी करायचं ते लिहितो, कारणं नंतर. मी अठरा वर्षं बॅटरी पॅक जोडणीच्या कामात आहे.

ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. "चालते का बघू" म्हणून व्हेस्टला जोडायचीही नाही. फुगवटा दाबायचा नाही, सुई लावून हवा काढायचा विचारही नको. आत हवा नसते, इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला रासायनिक द्रव, मोडून तयार झालेला जळणारा वायू असतो. स्टीलच्या डब्यात तळाला कोरडी वाळू, त्यावर बॅटरी, वरून पुन्हा वाळू. झाकण नुसतं ठेवायचं, घट्ट लावायचं नाही, वायूला वाट हवी. डबा बाल्कनीत फरशीवर, सावलीत, पडदे, कपडे आणि गॅस सिलिंडरपासून लांब. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की डब्यात काय आहे, नाहीतर कुणीतरी ती वाळू कुंडीत ओतायला जाईल.

आता हे का झालं. बाबांची बॅटरी वर्षातले दोन-अडीच महिने वापरात आणि बाकीचे नऊ महिने माळ्यावर. लिथियम-आयन सेल, म्हणजे बॅटरीच्या आतली वीज साठवणारी कुपी, नुसता पडून राहिला तरी हळूहळू उतरतो, आणि पॅकमधली संरक्षण-पट्टीही (सेलवर लक्ष ठेवणारं छोटं सर्किट) थोडं थोडं पीत राहते. सेल फार खाली उतरला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. नंतर चार्ज करताना ते तांबं नको तिथे जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्टची वाट तयार होते. चांगली संरक्षण-पट्टी असा सेल पुन्हा चार्ज होऊच देत नाही. "रात्रभर लावली पण भरली नाही" हे वाक्य मला फार बोलकं वाटलं. त्यात नाशिकचा एप्रिल-मे आणि स्लॅबखालचा माळा. उष्णतेने सेल आणखी लवकर म्हातारा होतो.

कंपनीने सांगितलेला दोष कदाचित वेगळाच असेल. पण दोष असलेला सेल आणि असा वापर एकत्र आले की काय होतं ते तुम्ही टेबलावर डुलताना पाहिलंत.

रानजाई

खूप आभार. आत्ताच फोन केला. आईंनी रव्याचा जुना डबा दिला आणि बाबांनी समोरच्या बांधकामावरून वाळू आणली. वाळू ओलसर होती, ती उन्हात वाळवून मग भरायला सांगितली आहे. तोवर बॅटरी बाल्कनीत फरशीवर आहे.

टोरांटोकर

आमच्याकडे हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. मंडळातर्फे आम्ही नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी जुने थंडीचे कपडे गोळा करतो. पुण्या-मुंबईहून सप्टेंबरात आलेली मुलं, नोव्हेंबर लागला की कुडकुडतात. लोक मायेने देतात, पण खिसे कोण बघतं? गेल्या वर्षी मी स्वतः ढिगातून दोन हीटेड जॅकेटं काढली, दोन्हींच्या आतल्या खिशात बॅटऱ्या तशाच. त्यातल्या एकीचं लेबल पार झिजलेलं. कोणती, कधीची, काही कळायला मार्ग नाही. ती कुणालाही दिली नाही.

रिकॉलची यंत्रणा विकत घेणाऱ्याला शोधते. पावती, ईमेल, क्रेडिट कार्ड, यावरून ज्याचं नाव सापडेल त्याला कळवते. वापरणारा कोण आहे हे तिला ठाऊक नसतं. आपल्याकडच्या वस्तू तर एका हातात राहतच नाहीत. मुलगा घेतो, बाप घालतो, पुढच्या वर्षी मामेभावाकडे जातात.

म्हणून ईमेलची वाट बघू नका. अमेरिकेत सीपीएससी (ग्राहक वस्तूंच्या सुरक्षिततेचा सरकारी आयोग) आणि इथे हेल्थ कॅनडा, दोघांच्याही संकेतस्थळावर परत बोलावलेल्या वस्तूंची यादी सगळ्यांसाठी खुली असते. मॉडेल क्रमांक टाकून शोधा. नाव तेच आणि मॉडेल तेच असलं तरी कधी कधी ठरावीक काळात बनलेला मालच परत बोलावलेला असतो, तेव्हा लेबलवरचा तारखेचा किंवा बॅचचा कोडही बघा. आणि अमेरिकेत २००८ च्या कायद्यापासून रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदा आहे, जुन्या बाजारातसुद्धा. गराज सेल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मध्यमा

माफ करा, पण थोडी वेगळी बाजू मांडते. लाखो लोक ही जॅकेटं वापरतात. माझ्या वडिलांच्या सांध्यांना त्याने खरोखर आराम पडतो. दर ईमेलवर घाबरून सगळं फेकून द्यायचं का? म्हाताऱ्या माणसांच्या मनात एकदा भीती बसली की ती चांगली वस्तूही हातात घेत नाहीत.

सोल्डरगन

मध्यमा, तुमचं म्हणणं रास्त आहे. वस्तू फेका असं कोणीच म्हणत नाही. बहुतेक वेळा कपड्यात दोष नसतोच. कोलंबिया स्पोर्ट्सवेअरने दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या गरम जॅकेटांसोबतच्या बॅटऱ्या परत बोलावल्या होत्या, तिथेही दुखणं बॅटरीच्या सेलचं होतं. जॅकेटमधल्या तारा तापतात त्या ठरल्याप्रमाणे तापतात. त्यांना वीज देणारी हाताएवढी डबी बदलली की वडिलांचं जॅकेट पुन्हा सुरू.

पण "लाखो लोक वापरतात" यावर थोडं बोलतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेलने ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत बोलावल्या. सेल सोनीचे. तेव्हाच्या जगातल्या मातब्बर सेल बनवणाऱ्यांपैकी एक. कारण काय, तर बनवताना सेलमध्ये राहून गेलेले धातूचे सूक्ष्म कण. डोळ्याला दिसणार नाहीत एवढे. ते धन आणि ऋण अशा दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्याला भोक पाडू शकत होते. तो पडदा प्लास्टिकचा, आपल्या केसाहूनही पातळ. ४१ लाखांपैकी प्रत्यक्षात पेटल्या अगदी मोजक्या. पण कुठली पेटणार हे बाहेरून ओळखण्याची सोय नाही, म्हणून सगळ्याच बोलवाव्या लागतात.

२०१६ चा सॅमसंग नोट ७ आठवतो ना? जगभरातून २५ लाख फोन परत. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यावर इलेक्ट्रोड दुमडला जात होता. म्हणून दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या टाकून फोन बदलून दिले, तर त्यांत वेल्डिंगचे टोकदार उंचवटे निघाले. दोन कारखाने, दोन वेगळे दोष, निकाल एकच. शेवटी फोनच बंद करावा लागला. त्यांच्याकडे पैसा, माणसं, तपासणीची यंत्रं, सगळं होतं. मग ऑनलाइन मिळणाऱ्या निनावी पॅकबद्दल काय बोलणार. असे पॅक मी उघडून पाहिलेत. वरच्या आवरणावर छापलेली क्षमता आणि आतल्या सेलची क्षमता यांचा मेळ बसत नाही, आणि दोन सेल वेगवेगळ्या वयाचे.

मध्यमा

पटलं. वडिलांच्या जॅकेटचं लेबल आज संध्याकाळी बघते.

कार्गोवाला (सहार)

पाठवण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रिकॉल झालेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने जाऊ शकत नाही. ना सामानात, ना हातात, ना कुरियरने. "आतमध्ये कपडे आहेत" असं लिहून पाठवणारे लोक मी पाहिलेत. हात जोडून सांगतो, असं करू नका. त्या विमानात माणसं असतात.

चांगली बॅटरी असली तरी नियम समजून घ्या. जॅकेटपासून सुटी केलेली बॅटरी म्हणजे पॉवर बँकेसारखीच सुटी बॅटरी, ती चेक-इन बॅगेत चालत नाही. केबिनमध्ये, हातातल्या सामानात न्यायची. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालते. हिशोब सोपा: व्होल्ट गुणिले एमएएच (लेबलवर छापलेली क्षमता), भागिले हजार. ७.४ व्होल्ट आणि ५२०० एमएएच म्हणजे साडेअडतीस वॉट-अवरच्या आसपास, काहीच अडचण नाही. पिनांवर टेप लावा, किल्ल्या आणि नाण्यांच्या कप्प्यात टाकू नका.

रानजाई, तुमच्या सासऱ्यांनी जाताना ती कुठे ठेवली होती?

रानजाई

तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ गप्प बसून राहिले. व्हेस्ट मीच घडी करून मोठ्या बॅगेत भरलं होतं. बॅटरी त्याच्या खिशातच होती. मला ठाऊकच नव्हतं. घरून निघायची गडबड, वजनकाट्यावर तेवीस किलोचा हिशोब, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या परत न्यायच्या की नाही यावर वाद. खिसा तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सह्यवेडा (पुणे)

आम्ही सहा जण दोन वर्षांपूर्वी मनालीमार्गे लेहला गेलो होतो. तिघांकडे बॅटरीवाले हीटेड ग्लोव्ह्ज, तिघांचे बाइकच्या वायरला जोडायचे. वायरवाल्यांना चार्जिंगची कटकट नाही, पण गाडीवरून उतरलं की हात गार.

सरचूला तंबूत राहिलो. जून असूनही रात्री पारा शून्याखाली. वीज जनरेटरची, संध्याकाळी दोन-तीन तास. त्यामुळे दिवसभर हँडलवर गोठलेले ग्लोव्ह्ज काढले की लगेच बॅटऱ्या बाहेर आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सगळ्यांचं सगळं: फोन, कॅमेरे, ग्लोव्ह्ज. बोर्ड गादीच्या कडेला. माझी एक बॅटरी हाताला बर्फासारखी लागत होती, तशीच लावली. सोल्डरगन, यात काही चुकलं का? कारण परत आल्यावर तिचा दम निम्म्यावर आला होता.

सोल्डरगन

चुकलं, आणि हीच चूक गरम कपड्यांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त होते. थंडीत बॅटरी वापरली तर ती फक्त लवकर दमते. पण शून्याखाली असताना चार्ज केली तर कायमची बिघडते. चार्ज होताना लिथियमने ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांच्या आत शिरायचं असतं. सेल गोठलेला असला की त्याला आत शिरायला वेळ लागतो, आणि ते बाहेरच धातू होऊन साचतं. तुझ्या बॅटरीचा दम निम्म्यावर आला तो बहुधा यामुळेच. पुढे त्या साचलेल्या धातूला काटे फुटतात आणि ते पडद्याकडे वाढतात. चांगल्या पॅकमध्ये तापमान बघणारा सेन्सर असतो, तो गार सेलला चार्ज होऊ देत नाही. स्वस्तात तोच आधी गाळतात.

बाहेरून आलात की बॅटरी आतल्या खिशात किंवा खोलीत तासभर राहू द्या. हाताला गार लागेनाशी झाली की मग लावा. हीटरवर किंवा शेगडीजवळ ठेवून गरम करायची नाही. चार्जिंग उघड्या फरशीवर, गादीवर कधीच नाही, आणि जागे असताना. हंगाम संपला की निम्मी भरलेली ठेवा, माळ्यावर नको, दोन-तीन महिन्यांनी काढून बघा. तुझी ती बॅटरी मात्र आता वापरू नकोस.

जलधारा

अग्निशमन दलातून निवृत्त आहे. वर वाळूचं आलं म्हणून एक पुस्ती. वाळू ठेवायला चांगली, ठिणग्या अडवते. पण बॅटरी पेटलीच तर ती थंड करायला पाणी लागतं. लहान बॅटरीवर पाणी ओता आणि ओतत राहा. पेटती बॅटरी विझल्यासारखी दिसते आणि शेजारचा सेल तापून पुन्हा भडकते. वरून घोंगडी टाकू नका, उष्णता आत कोंडते. चार्जरला लावलेली असेल तर आधी मेन स्विच बंद. धूर विषारी असतो, तो छातीत घेऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी बाहेर काढा आणि १०१ लावा. आगीशी झटापट करायला थांबू नका.

न्यायरेखा (मुंबई)

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत बोलावण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश देऊ शकतं. त्याच कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादक आणि विक्रेत्यावर दायित्व टाकणारं वेगळं प्रकरण आहे. भारतात घेतलेल्या वस्तूची तक्रार १९१५ या हेल्पलाइनवर करता येते. लिथियम सेल आणि पॉवर बँकांना इथे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आर-ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते बघा. शोधून काहीच निघालं नाही तर ती बॅटरी घेऊ नका.

पण रानजाईंच्या बाबांची वस्तू अमेरिकेत घेतलेली. इथलं प्राधिकरण तिथल्या विक्रेत्याला हात लावू शकत नाही, आणि तिथली नोटीस इथे वाचून दाखवायला कुणी येत नाही. या फटीत आपली बरीच घरं आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात एक ई-स्कूटर रस्त्याकडेला पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. महिन्याभरात ओलाने १,४४१ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या आणि पुढे गाड्यांच्या बॅटऱ्यांची मानकंही कडक झाली. रस्त्यावर पेटलं की दिसतं. माळ्यावरच्या बॅगेचा व्हिडिओ निघत नाही.

रानजाई

सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी काय काय झालं ते सांगते.

कंपनीशी बोलले. बॅटरी परत पाठवायची नाही. तिच्यावर मार्करने "रिकॉल्ड" आणि तारीख लिहून फोटो पाठवायचा, मग पैसे माझ्या कार्डावर. बाबांनी हात लांब ठेवून, हातमोजे घालून लिहिलं. मी कंपनीला विचारलं, जिथे वस्तू भेट म्हणून परदेशी गेली आहे तिथल्या लोकांना तुम्ही कसं कळवता? उत्तर आलं, "खरेदीदाराने कळवावं अशी आमची विनंती आहे." म्हणजे तो भार आपलाच.

विल्हेवाटीचं आईंनी मार्गी लावलं. बाबा घंटागाडीत द्यायला निघाले होते. आईंनी दारात अडवलं, "ती गाडी कचरा दाबते, आणि मागे पोरं उभी असतात." महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतून अधिकृत ई-कचरावाला शोधला. बॅटरी फुगलेली आणि रिकॉल झालेली आहे हे आधीच सांगितलं, तर पहिल्याने नाही म्हटलं, दुसरा वाळूच्या डब्यासकट घेऊन गेला. नुसती पेटीत टाकून यायचं नाही, हे इथे अमेरिकेतही बजावतात. दुकानांच्या दाराशी जुन्या बॅटऱ्यांसाठी ज्या पेट्या असतात, त्यांत रिकॉल झालेली टाकायला मनाई आहे.

आता दुसरी बॅटरी. शेजारच्या मुलाचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. लेहहून आल्यावर त्याने ती मित्राला दिली. मित्र कोल्हापूरला. त्याचा नंबर घेतला, फोन केला, आधी त्याला वाटलं मी काहीतरी विकतेय. त्या बॅटरीला यूएसबीचं तोंडही आहे, म्हणून तो ती पॉवर बँक म्हणून वापरत होता. रोज. रात्री उशाशी. लेबलचा फोटो मागवला. तेच मॉडेल, तोच कोड. फुगलेली नाही, अगदी नवीकोरी दिसते. त्याला वाटलं चांगली आहे तर का टाकायची. सोल्डरगन, तुमचा ४१ लाखांचा प्रतिसाद त्याला जसाच्या तसा पाठवला. अर्ध्या तासाने वाळूच्या डब्याचा फोटो आला.

तो फोटो मी बाबांना पाठवला. ते म्हणाले, "मी दिली होती गं त्याला. चांगल्या मनाने दिली होती."

चाफेकळी

रानजाई, वाचूनच अंगावर काटा आला. माझ्या बहिणीने न्यू जर्सीहून आईसाठी गरम पायमोजे पाठवले होते, आई अकोल्याला असते. आत्ता फोन केला. दोन लहान बॅटऱ्या आहेत, प्रत्येक मोज्याला एक. एकीचं लेबल वाचता येतंय, दुसरीवर घामाने शाई पसरली आहे. आई म्हणते गेल्या थंडीत एक मोजा दुसऱ्यापेक्षा जास्त तापायचा, म्हणून ती तो उजव्या पायात घालायची, गुडघा तोच दुखतो. दोन्ही काढून ठेवायला सांगितल्यात. फोटो कुठे टाकू?

सोल्डरगन

इथेच टाका, दोन्ही बाजूंचे. आणि कोणती बॅटरी जास्त तापणाऱ्या मोज्यातली होती, तिच्यावर आईंना खूण करायला सांगा.